लाल ठिपक्याची कपबशी

आमच्या कॉलनीत एक निवृत्त साहेब राहतात. नोकरीत असताना त्यांना काहीच आठवत नसे, असं त्यांच्या हाताखालचे लोक सांगतात. निवृत्त झाले आणि एकदम सगळं आठवायला लागलं. अमरावतीत परदेशी बर्गरचं एक चकचकीत दुकान निघालं आणि वर्षभरात गाशा गुंडाळून गेलं, तेव्हा त्यांची नातवंडं हळहळली. साहेबांनी त्यांना बसवून सुनावलं की, अरे, हे काय हॉटेल, हॉटेल आमच्या वेळी होतं. एकाच मालकाच्या तीन तीन शाखा, अमरावतीत, अकोल्यात आणि चांदूर रेल्वेला. तुमच्या त्या बर्गरवाल्यांना हे आज सुचलं, आमच्या वऱ्हाडात ते पन्नास-साठच्या दशकात सुचलं होतं.

ही गोष्ट त्यांनी नातवंडांना सांगितली, मग फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितली, मग ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत सांगितली. ऐकणारे उरले नाहीत तेव्हा माझ्याकडे पाळी आली. मी निवृत्त शिक्षिका. ऐकून घ्यायची मला सवय आहे, असा लोकांचा समज असतो.

त्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं आणि शोकेसची काच सरकवून आतून एक पांढरा कप काढला. काठाला निळी रेघ आणि कपाच्या कानाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढा लाल ठिपका.

"बशी फुटली," साहेब म्हणाले, "पण कप जपला. हॉटेल बंद पडलं तेव्हा तिथलं सामान विकायला काढलं होतं, मी धावत जाऊन हा घेतला. हा लाल ठिपका पाहिलात? हा म्हणजे स्पेशल. साध्या गिऱ्हाइकाला नाही मिळायचा. आज तुम्हाला चहा ह्यातच."

त्यांनी सुनेला हाक मारली. कप धुवायला आत गेला. मी सोफ्यावर बसून राहिले आणि मला हसू आवरेना. साहेबांना वाटलं, मानाने मी सुखावले.

त्या हॉटेलचं नाव लिहीत नाही. मालक गेले, त्यांच्या मुलांनी कापडाचं दुकान टाकलं, ती माणसं भली आहेत. पण हॉटेल खरंच जगावेगळं होतं. त्या काळी कुठल्याही दुकानावर 'आमची कोठेही शाखा नाही' असं छातीठोकपणे लिहिलेलं असे. शाखा नसणं ही इभ्रत होती. ह्या मालकांनी मुंबई पाहिली होती. त्यांनी तिन्ही ठिकाणी सारखी पाटी लावली, 'सर्व शाखांत एकच चव'. तिन्हीकडे सारखी संगमरवरी टेबलं, सारख्या कपबश्या आणि सारखा मेनू, म्हणजे आलूबोंडा, कढी, चहा. संपलं. तीनही शाखा स्टेशनला लागून. गाडी शिटी द्यायच्या आत प्लेट हातात पडली पाहिजे, हा मालकांचा नियम होता. फास्ट फूड हा शब्द आम्हाला माहीत नव्हता, पण गाडी सुटायची भीती सगळ्यांना होती.

एकच चव राखायची म्हणून कढी फक्त अमरावतीला व्हायची. दुधाच्या मोठ्या बरण्यांत भरून ती सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला यायची, तिथून एक बरणी पश्चिमेला अकोल्याकडे आणि एक पूर्वेला चांदूरकडे. उन्हाळ्यात पोचेपर्यंत ती इतकी आंबायची की झाकण उघडताना माणूस तोंड बाजूला करायचा. मालक म्हणायचे, आंबली तरी तिन्हीकडे सारखीच आंबते.

आणि कढीचा एक रिवाज होता. बोंडा फोडून त्यावर कढी टाकायची. ती संपत आली की वाढपी आपणहून परत येणार, पळीभर अजून टाकणार. गिऱ्हाइकाने मागायची नाही, त्याने फक्त हात आडवा धरून नको म्हणायचं. आलूबोंडा एक, पण कढी पोट नको म्हणेपर्यंत. आमच्याकडे गिऱ्हाइकाचा मान बोंड्यात नव्हता, न मागता आलेल्या दुसऱ्या पळीत होता.

माझे वडील रेल्वेत सांधेवाले होते. येणाऱ्या गाडीला योग्य रुळावर घ्यायचं, हे त्यांचं काम. आम्ही चांदूरला रेल्वेच्या चाळीत राहायचो. सरकारी नोकरी, निळा गणवेश आणि वर्षाकाठी कुटुंबाचा पास. त्या पासावर आम्ही अकोल्याला आत्याकडे आणि अमरावतीला मामाकडे जायचो, आणि दोन्ही ठिकाणी बाबा आम्हाला आधी त्या हॉटेलात न्यायचे. त्यांना तो बोंडा फार आवडायचा. आई म्हणायची, "अजी, माह्याशी लगन कावून केलं तुमी? त्या बोंड्याशीच कराचं होतं."

अकोल्याला आम्हाला पडद्याआड बसवत. 'फॅमिली रूम' म्हणजे तीन फळ्या आणि एक हिरवा पडदा. बाईमाणूस सोबत आहे, लोकांची नजर नको म्हणून हा मान. पडद्याला इतक्या फॅमिल्यांनी हात पुसलेले असत की तो वाऱ्याने हलायचा नाही. पण आत वाढपी यायचा, कढी टाकायचा, परत यायचा, परत टाकायचा. मी हात आडवा धरायचा खेळ तिथंच शिकले.

चांदूरला आम्हाला बाहेर बसवत. तिथं पडद्याची गरज नव्हती.

चांदूरची शाखा आमच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर, पण तिथं आम्ही कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. कडुनिंबाखाली एक बाकडं होतं, ते आमचं. भिंतीतल्या खिडकीत टिनाचे पेले पालथे घातलेले, ते आमचे. चहा वरून ओतायचे, पेला आपण धुवायचा आणि परत खिडकीत पालथा घालायचा. बोंडा पळसाच्या पानावर. कढी एकदाच, तीही हात लांब करून, उंचावरून. दुसऱ्यांदा कुणी यायचं नाही. कढीची बरणी गाडीतून उतरवून हॉटेलापर्यंत डोक्यावर नेणारे हमाल आमच्याच वस्तीतले होते, पण बरणीचं झाकण घट्ट असतं, त्यामुळे विटाळ आत शिरत नसावा.

मग शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला. पाठोपाठ सन छप्पनची दीक्षा झाली. बाबा दीक्षा घेऊन आले ते मान सरळ ठेवूनच आले, आणि ती पुन्हा कधी वाकली नाही. चांदूरच्या शाखेच्या मॅनेजरला मात्र कायद्याची धास्ती पडली. टिनाचे पेले कुणी साहेबाने पाहिले तर नोकरी जाईल. म्हणून त्याने पेले काढून टाकले आणि आतल्यासारख्याच निळ्या रेघेच्या कपबश्या खिडकीत मांडल्या. पण मग आतल्या कोणत्या आणि बाहेरच्या कोणत्या, हे कसं कळणार? मॅनेजर हुशार. त्याने लाल तैलरंग आणला आणि बाहेरच्या प्रत्येक कपाच्या कानाजवळ काडीने एकेक ठिपका दिला. कायदा पाळला, रिवाजही पाळला. साप मेला नाही आणि काठीही मोडली नाही. कुणी विचारलंच तर बाकड्याचं कारण तयार होतं, बाहेर हवा चांगली लागते.

आईने तो ठिपका पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली, "चला, कपाले कुंकू तं लावलं."

बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "मले एकदा आत बसून खाचं हाय."

"अकोल्यात बसता नं आत?"

"अकोल्यात मले कोनी वळखत नाही, म्हून बसू देतात. तिथं बोंडा मी खात नाही, कोनी दुसराच खाते. मले चांदुरात खाचा हाय. ह्या सगळ्यायच्या देखत."

हे त्यांचं एकच मागणं होतं. बढती, बदली, कशाबद्दल त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. पण त्या तीन पायऱ्या चढून आतल्या टेबलाशी बसायचं, ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली. आई भ्यायची. चढाल, कुणी हात धरून उतरवलं तर? नोकरीवर तक्रार गेली तर? बाबा रोज ड्यूटीवर जाताना त्या पायऱ्यांकडे पाहायचे आणि पुढे जायचे. मी शाळेत जाताना त्यांच्या मागे असायचे, म्हणून मला ठाऊक.

अशात अमरावतीच्या शाखेत कपबश्यांची तूट पडली. तिथं कोर्टाची गर्दी फार, आणि वकील बोलताना हातवारे करतात. मालकांनी चांदूरला निरोप धाडला, तुमच्याकडच्या जास्तीच्या कपबश्या टोपलीत भरून पाठवा. आता मॅनेजरने जास्तीच्या कोणत्या समजाव्यात? आतल्या धाडल्या तर आतली गिऱ्हाइकं खोळंबणार. खोळंबली तरी चालतील अशी माणसं बाहेर बसत होती. त्याने खिडकीतल्या सगळ्या ठिपक्याच्या कपबश्या टोपलीत भरल्या आणि सकाळच्या गाडीला दिल्या. अमरावती लांब आहे, तिथं कोणाला काय कळतंय, असा त्याचा हिशेब. आम्हाला तोवर पुन्हा टिनाचे पेले आले.

पुढे आम्ही मामाकडे अमरावतीला गेलो तेव्हा नेहमीप्रमाणे हॉटेलात शिरलो. पडद्याआड बसलो. बाहेरच्या टेबलावर एक वकीलसाहेब वाढप्यावर तापले होते.

"हा साधा कप कशाला आणलास? लाल ठिपक्याचा आण. रोजचं गिऱ्हाईक आहे मी, पाहुणा नाही!"

वाढपी धावत गेला. त्याच्यामागे दुसऱ्या टेबलावरून हाक आली, "मलाही ठिपक्याचाच!" झालं होतं असं की, टोपली आली त्या दिवशी योगायोगाने चहात साय जास्त पडली होती. कुणीतरी विचारलं, ठिपका कशाचा? वाढप्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो म्हणाला, स्पेशल. बस्स. आठवड्याभरात अख्ख्या कोर्टाला ठिपक्याशिवाय चहा उतरेना. ठिपक्याच्या कपातला चहा जास्त कडक लागतो, ह्यावर दोन वकिलांचं एकमत झालं होतं म्हणतात, आणि ते तेवढंच.

आईने पडद्याच्या फटीतून पाहिलं. आधी तिला पटेना. मग तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी हसू खांद्यांतून बाहेर यायला लागलं.

"अजी, पाहा पाहा! तो वकील आपल्या कपासाठी भांडून राहिला!"

मीही हसले. बाबांनी फटीला डोळा लावला आणि बराच वेळ पाहिलं.

"हासू नका," ते म्हणाले. "त्याच कपात मी पेतो तं बाकड्यावर बसून. हा पेते तं स्पेशल. मंग दोष कपात नाही ना. मी कावून थांबलो एवढे दिवस?"

आईचं हसू गेलं. तिला कळलं की आता हा माणूस पायऱ्या चढणार.

संधी मालकांनीच आणून दिली. अमरावतीत ठिपका इतका चालला की त्यांना वाटलं, एकच चव म्हणजे एकच ठिपका. त्यांनी सगळ्या शाखांसाठी ठिपक्याच्या नव्या कपबश्या करवून घेतल्या. अकोल्यात त्या लगेच रुळल्या. चांदूरला 'लाल ठिपका स्पेशल चहा' सुरू करायला ते स्वतः बाजाराच्या दिवशी आले, सोबत अमरावतीचा वाढपी घेऊन. चांदूरचा मॅनेजर सकाळपासून पांढराफटक. खरं सांगावं तर कायद्याचा बडगा, वर अमरावतीच्या वकिलांना आपण काय पाठवलं हेही सांगावं लागणार. त्याने अंगात कणकण असल्याचं सांगून पाहिलं. मालक म्हणाले, स्पेशल चहा घ्या, बरं वाटेल.

शाळा सुटून मी बाबांसोबत चालले होते. हॉटेलाशी गर्दी पाहून थांबलो. आत मधल्या टेबलावर मालक, आणि भोवती गावातले मातबर. अडते, डॉक्टर, दोन-तीन बागायतदार. प्रत्येकापुढे लाल ठिपक्याचा वाफाळता चहा. मालक आनंदाने भुरके मारत होते आणि बाकी कुणी कपाला हात लावत नव्हतं. चांदुरात तो ठिपका शेंबड्या पोराला माहीत होता. सांगणार कोण? एकाने चहा सोडला असं म्हटलं. एकाला त्याच दिवशी उपास आठवला. डॉक्टर पोटाविषयी काहीतरी बोलले, स्वतःच्या.

बाबांनी काखेतल्या हिरव्या-तांबड्या झेंड्या माझ्या हातात दिल्या आणि पायऱ्या चढले. मी पायऱ्यांच्या खालीच थांबले. मला वाटलं, आता मारतील ह्यांना.

ते मालकांच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसले.

"शेठजी, मी इथला सांधेवाला. रोज बाहेरच्या बाकड्यावर बसतो. ह्या लाल ठिपक्याच्या कपात चहा पेत होतो, तो आमचाच म्हून तुमच्या मॅनेजरनं ठिपका दिला त्याले. आज आत बसून पेतो. एक बोंडा द्या, कढी टाकून, आन् एक ठिपक्याचा चहा."

मालकांचा कप ओठांशी होता, तो तिथंच राहिला. त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर जमिनीकडे पाहत होता. मग त्यांनी मातबरांचे भरलेले कप पाहिले आणि त्यांना सगळं उमगलं. आता ओरडावं, तर इतके दिवस आपण काय प्यालो आणि अमरावतीच्या अख्ख्या कोर्टाला काय पाजलं, हे आपल्याच तोंडाने कबूल करणं आलं. माणूस व्यापारी होता. त्यांनी कप हळूच खाली ठेवला.

"पाहता काय?" ते म्हणाले. "द्या त्यांना. एक बोंडा, एक स्पेशल."

मातबर एकेक करून उठले. कुणाला बाजाराचं काम आठवलं, कुणाला जनावर सुटल्याचं. बाबा सावकाश खात होते. एरवी ते घाईने जेवत, गाडीची वेळ असे. त्या दिवशी त्यांनी कढी बोटाने पुसून घेतली, चहा बशीत ओतून फुंकून प्यायला, आणि रिकाम्या टेबलांमधून चालत बाहेर आले.

घरी आई दारात उभी होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. ती रडली होती हे दिसत होतं, पण विचारलं तिने तिच्या पद्धतीने.

"कसा होता मंग तुमचा बोंडा?"

"बोंडा तसाच होता. थंडा." बाबा पायातल्या वहाणा काढत म्हणाले. "पर त्या अमरावतीच्या वाढप्यानं कढी दुसऱ्यांदा टाकली. मी मांगितली नव्हती." एवढं बोलून ते मोरीत गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

त्यानंतर मातबर त्या हॉटेलात फिरकले नाहीत. ठिपक्याच्या कपबश्या परत अमरावतीला गेल्या, बाकडं उचललं, पण गिऱ्हाईक परतलं नाही. पुढचा कापसाचा हंगाम यायच्या आत चांदूरची शाखा बंद झाली. बाबांच्या शेजारी बसण्यापेक्षा गावाने आलूबोंडा सोडला. आणि आलूबोंडा सोडणं हा आमच्या भागात लहान त्याग नाही. अकोला, अमरावती पुढे काही वर्षं चालली, मग तीही मिटली. आता लोक म्हणतात, तेल बदललं, चव गेली.

साहेबांची सून चहा घेऊन आली. मी ठिपक्याचा कप उचलला. चहा खरंच चांगला होता. संपवला आणि मग साहेबांना ही सगळी हकिकत सांगितली, इथं लिहिली त्याहून थोडक्यात. साहेब मन लावून ऐकत होते. ते समतेवर चांगलं बोलतात, दरवर्षी कॉलनीत त्यांचं भाषण असतं.

"अरेरे," ते म्हणाले. "काय काळ होता. आमच्या घरात मात्र असलं काही नव्हतं हं."

सून ट्रे न्यायला आली. शोकेसची काच अजून उघडीच होती. तिने विचारलं, "बाबा, हा कप धुवून आत ठेवू ना परत?"

साहेबांनी शोकेसकडे पाहिलं. आत त्यांच्या बढतीची ट्रॉफी, कसलंसं चांदीचं तबक, देवीची मूर्ती.

"नको," ते म्हणाले. "तूर्त तिकडे खिडकीत ठेव."

त्यांना स्वतःला ते ऐकू आलं की नाही, मला सांगता येणार नाही. सुनेने कप विसळला आणि खिडकीत पालथा घातला. मी त्याच्याकडे पाहत राहिले. मला राग आला, खूप आला, आणि ह्या वयात मी तो गिळणार नव्हते.

"साहेब, तो कप मला द्या," मी म्हटलं.

एवढा जपलेला कप, पण ते एका शब्दाने आड आले नाहीत. स्वतः उठले, वर्तमानपत्रात गुंडाळून हातात ठेवला. न्या, न्या, तुमचाच आहे, म्हणाले.

तो आता माझ्याकडे रोजच्या वापरात आहे, बाकीच्या कपांत मिसळून. घरी येईल त्याच्या वाट्याला कधी तो येतो, कधी दुसरा. साहेबही येतात अधूनमधून. चहा संपत आला की आणखी हवा का, असं मी कोणालाच विचारत नाही. ओतते.